हक्कसोडीला मुदत लावा

महिलांसाठी नवा कायदा आला की व्हॉट्सॲपवर अभिनंदनाचा पाऊस पडतो. 2023 साली लोकसभा-विधानसभेत 33 टक्के आरक्षणाची घटनादुरुस्ती झाली तेव्हाही पडला. (ते जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर लागू होणार, एवढी ओळ तेवढी कुणी फॉरवर्ड केली नाही.) असो. मला शेतीबद्दल बोलायचंय.

मी तालुक्याच्या गावी दस्त टाइप करते. खरेदीखत, बक्षीसपत्र, गहाणखत, आणि सगळ्यांत जास्त हक्कसोड पत्र, म्हणजे बहिणीने बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा भावासाठी सोडल्याचा दस्त. बाप जाऊन महिना होत नाही तोच भाऊ बहिणींना गाडीत घालून आणतो. "स्वखुशीने, अक्कलहुशारीने, कोणत्याही दाबदडपणाला बळी न पडता, विनामोबदला" हा मजकूर माझ्या कॉम्प्युटरात तयारच असतो, नाव आणि गट नंबर बदलला की झालं. नोंदणी करणारे साहेब विचारतात, "दस्त समजला ना?" बाई आधी भावाकडे बघते, मग मान हलवते. फोटो, अंगठा, बाहेर येऊन चहा.

एकीला मी हळूच विचारलं होतं, मावशी, किती शेत सोडताय माहीत आहे का? ती म्हणाली, "मनं माहेर तुटी जाई, ताई." केळीचं बागायत होतं ते, तापीकाठचं.

आता कायदा बघा. महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, पण 22 जून 1994 च्या आधी लग्न झालेल्यांना वगळून. केंद्राने 2005 मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून, ही अट न ठेवता, तो त्या कायद्याखालच्या सगळ्या मुलींना दिला. ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005 ला, बाप हयात हवा की नको, हा घोळ सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये मिटवला: नको, हक्क जन्मापासूनचा. म्हणजे कायद्यात कमी नाही. गळती आहे ती आमच्या टेबलावर.

"लग्नात खर्च केला ना तिच्या!" हे मी रोज ऐकते. अहो, हुंड्याला 1961 पासून बंदी आहे, आणि तो गेला सासरच्या खिशात. तिच्या नावावर एक गुंठा तरी आला का? ज्याचं नाव सातबाऱ्यावर त्यालाच सोसायटीचं पीककर्ज, त्यालाच केळीचा विमा. उद्या नवऱ्याने टाकली तर ती कशाच्या जोरावर उभी राहणार? आखाजीला (अक्षय तृतीयेला) झोका, पुरणपोळी आणि साडी मिळते, पण त्यावर कर्ज मिळत नाही.

बहिणीने हक्क सोडूच नये, असं मी म्हणत नाही. तिचा आहे, तिने ठरवावं. पण नवा नियम करायचाच असेल तर असा करा: आधी सगळ्या मुलींची वारस म्हणून सातबाऱ्यावर नोंद, आणि त्यानंतर वर्षभर हक्कसोड नोंदवायचीच नाही. दस्तात तिच्या हिश्श्याचं क्षेत्र आणि रेडीरेकनरची, म्हणजे सरकारी दराने होणारी, किंमत आकड्यात लिहा. भावाला बाहेर बसवून तिच्या बोलीत वाचून दाखवा. माझी टायपिंगची कमाई थोडी घटेल, घटू द्या.

आणि नंदुरबारकडे कुणी बघणार आहे का? हिंदू वारसा कायदा कलम 2(2) मुळे अनुसूचित जमातींना लागूच नाही. अक्कलकुवा-धडगावच्या भिल्ल, पावरा बहिणींना 2005 ची दुरुस्ती म्हणजे शेजारच्या घरचं लग्न. वनहक्क कायद्याने नवरा-बायको दोघांच्या नावे पट्टा दिला, ते चांगलंच झालं. पण बापाच्या जमिनीचं काय? सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सांगितलं की केवळ बाई म्हणून वारसा नाकारणं हा भेदभाव आहे. तरी प्रत्येक बाईने दिल्लीपर्यंत भांडायचं का? त्याच कलम 2(2) मध्ये केंद्राला अधिसूचना काढून हा कायदा लागू करायची मुभा आहे, नवं विधेयकही लागत नाही. जमातीच्या रूढी आहेत, त्यांना विचारल्याशिवाय काही लादू नये हे मला मान्य. फक्त विचारायला जाल तेव्हा गावच्या पंचांबरोबर तिथल्या बायकांनाही बसवा.