किती खायचं ते मुलाला ठरवू द्या

समोर मोबाइल उभा केलेला, मूल त्यात बुडालेलं आणि तोंड जरा उघडलं की आई नाहीतर बाबा घास सरकवणार. ताट रिकामं झालं की सगळे खूश! मला हे बघवत नाही. पोट कधी भरलं, हे त्या मुलाला कळलंच नाही ना.

तान्हं बाळसुद्धा पोट भरलं की तोंड फिरवतं. ही जाण उपजत असते आणि 'अजून एकच घास' करत करत आपण ती बोथट करतो. एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी कामाची वाटणी फार छान केली आहे: काय वाढायचं, केव्हा आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. मला हे शंभर टक्के पटतं.

'मग तो काहीच खाणार नाही!' असं लगेच ऐकू येतं. एखादं जेवण नाही खाणार. निरोगी मुलाचं त्यानं काही बिघडत नाही, पुढच्या वेळेला भूक लागतेच. मात्र मधल्या वेळात बिस्किटांचा पुडा हातात द्यायचा नाही. खरी शिस्त इथे आपल्याला लागते. (वाढ खुंटली असेल, वजन उतरत असेल, तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टरच हवेत.)

साधारण दोन ते सहा या वयात नवीन पदार्थाला नाक मुरडणं अगदी स्वाभाविक असतं. गाजराचा तुकडा आज नुसता बोटानं ढकलला जाईल. पुढे कधीतरी वास घेतला जाईल, मग चाटून थुंकला जाईल. थुंकला तरी चिडू नका, निदान तोंडापर्यंत पोचला! आठ-दहा, कधी पंधरा वेळाही समोर ठेवावा लागतो. आपण तिसऱ्याच वेळी 'तिला गाजर आवडत नाही' असं जाहीर करून मोकळे होतो, तेही तिच्यासमोर.

आणि 'भाजी संपव, मग आइस्क्रीम' हे तर कृपा करून बंद करा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लियान बर्च यांनी लहान मुलांवर केलेल्या प्रयोगांत, बक्षिसाच्या बदल्यात खायला लावलेल्या पदार्थाची आवड उलट कमी झालेली दिसली. डोळ्यांसमोर ठेवून मनाई केलेल्या खाऊची ओढ वाढते, हेही दिसलं. रोज नको असलेली वस्तू रोज घरात आणूच नये, एवढं सोपं आहे हे.

खेळाचंही तेच. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना 2020 पासून सांगते आहे. हे वाचून आपण लगेच क्लास शोधतो. क्लासला माझा विरोध नाही, पण तिथला निम्मा वेळ रांगेत उभं राहण्यात जाऊ शकतो. त्यापेक्षा बाकावरून उठा आणि चेंडू टाका. जिने चढा, जवळची कामं मुलासोबत चालत जाऊन करा. 'पळू नको, पडशील' हे दिवसातून किती वेळा म्हणतो, ते एकदा मोजून बघा.

पळणं ही शिक्षा मात्र होऊ देऊ नका. 'जास्त खाल्लंस, आता दोन फेऱ्या मार' या एका वाक्यात खाणं आणि खेळ दोन्ही नासतात. पाहुण्यांसमोर 'किती सुटलाय बघा' किंवा 'अंगाला काही लागतच नाही' हेही नको. वजनाची काळजी वाटत असेल, तर बालरोगतज्ज्ञांशी बोला, मूल खोलीत नसताना.