लिम्फेडेमाच्या हाताला गरम तेल रगडायला सांगणाऱ्यांनो, थांबा की जरा

"ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर हात सुजलाय? सात दिवसांत सूज गायब, डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत" असा मेसेज फिरतोय. माझ्याकडं तीन ग्रुपवरून आला, मी तिन्ही वेळा सोडून दिला. पण तो आत्याच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर पोचला आणि आत्यानं तो खरा मानला, म्हणून लिहायला बसलेय. डोकं फिरलंय, भाषा इकडंतिकडं झाली तर सांभाळून घ्या.

आत्याचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं, काखेतल्या ग्रंथी काढल्या, रेडिएशन झालं. दिवाळीनंतर उजवा हात जड वाटायला लागला. पाटली निघेना, साबण लावून बघितलं, शेवटी गुजरीत सराफाकडं जाऊन कापून घेतली. मनगटाच्या वर बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. हाच लिम्फेडेमा, म्हणजे लिम्फ (रक्तातून झिरपून परत रक्तात जाणारं पाणी) वाटेत अडून आलेली सूज.

मेसेजमधला पहिला उपाय असा: तिळाच्या तेलात लसूण, ओवा, कापूर घालून कडकडीत तापवा, ताकदीच्या माणसाकडून रोज अर्धा तास रगडून घ्या, वर गरम मिठाच्या पुरचुंडीनं शेका. आता कोल्हापुरात ताकदीच्या माणसाला काय तोटा! गल्लीतलेच एक मालिशवाले, सगळी हयात तालमीत गेलेली. त्यांनी बिचाऱ्यांनी मनापासून रगडला. दंडाच्या आतल्या बाजूला पुरचुंडीनं फोड आला तरी आत्याला कळलं नाही, कारण काखेच्या ऑपरेशनमध्ये तिथली नस दुखावते आणि बऱ्याच बायकांना तिथं बधिरपणा राहतो. तिसऱ्या दिवशी हात लालभडक, नुसता पोळत होता आणि अंगात ताप. सेल्युलायटिस, म्हणजे कातडीखालचं इन्फेक्शन. अँटिबायोटिकवर निभावलं, पण अशा प्रत्येक इन्फेक्शननं लिम्फच्या नळ्या अजून खराब होतात, म्हणजे सूज घालवायला गेलो आणि वाढवून आलो.

मुळात ही सूज म्हणजे मुका मार नाही की लचक नाही. लिम्फचं पाणी कातडीच्या अगदी खालच्या बारीक नळ्यांतून वर जातं आणि काखेतल्या ग्रंथींतून पुढं सरकतं, त्या ग्रंथीच काढल्यात किंवा रेडिएशननं आखडल्यात, म्हणजे नाकाच बंद. त्यात तुम्ही शेक दिला की रक्ताच्या नळ्या रुंदावतात आणि अजून पाणी हातात उतरतं, आणि जोरात रगडलं की त्या नाजूक नळ्यांनाच मार बसतो. मालिश असते, ते मी मान्य करते, मेसेजमधली अर्धी गोष्ट तेवढीच खरी. पण तिचं नाव मॅन्युअल लिम्फ ड्रेनेज आणि ती बघितली तर तुम्ही म्हणाल ही बाई नुसता हात फिरवतेय. आत्याच्या फिजिओथेरपिस्टनं सुरुवात मानेपासून केली, मग दुसऱ्या बाजूची काख, सुजलेला हात सगळ्यात शेवटी. पुढची वाट मोकळी करायची आणि मग पाणी सोडायचं, एवढं साधं आहे. दाब इतका हलका की फक्त कातडी सरकते. तेल तर नाहीच.

दुसरं, "त्या हातानं अर्ध्या किलोच्या वर काही उचलू नका". हे पूर्वी डॉक्टरसुद्धा सांगायचे, त्यामुळं मेसेजवाल्याला एकट्याला शिव्या देत नाही. पण 2009 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला, हाताला लिम्फेडेमा असलेल्या 141 बायका, निम्म्यांना आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला लावली, हळूहळू वाढवत, वर्षभर. सूज वाढली नाहीच, उलट मधूनच सूज भडकण्याचा त्रास वजन उचलणाऱ्यांत 14 टक्के आणि न उचलणाऱ्यांत 29 टक्के! तालमीत तरी नव्या पोराला पहिल्याच दिवशी हजार जोर मारायला लावतात का? तसंच हे, थोड्यापासून सुरू करायचं, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली. स्नायू आवळले की लिम्फ वर ढकलला जातो, हात गळ्यात बांधून बसलात तर ढकलणार कोण?

आणि त्या बायका वजनं उचलताना स्लीव्ह, म्हणजे हात आवळून धरणारी घट्ट बाही, घालत होत्या, त्यामुळं "स्लीव्ह आणि बँडेज हा कंपन्यांचा धंदा" हा तिसरा मुद्दा इथंच निकालात. महाग आहे, हो. मे महिन्यात घालून बसायला जीव जातो, तेही हो. पण आधी काही आठवडे थरांचं बँडेज आणि मग मापाची स्लीव्ह, हाच उपचाराचा कणा आहे. मेडिकलमधून गुडघ्याचं क्रेप बँडेज आणून आवळू नका, ते वेगळं.

पाणी कमी प्या आणि लघवीची गोळी घ्या म्हणे. ह्या सुजेत प्रोटीन अडकलेलं असतं, गोळीनं नुसतं पाणी जातं, प्रोटीन तिथंच बसतं आणि परत पाणी ओढतं. पण बीपीसाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी असेल तर ती हे वाचून बंद करू नका, आमच्या आत्यानं लगेच तेच विचारलं होतं.

रात्री हात उशीवर ठेवा, वजन आटोक्यात ठेवा, हे दोन बरोबर आहेत, दिले मार्क. सात दिवसांचं मात्र विसरा, हे शुगरसारखं आहे, आटोक्यात राहतं. आणि अचानक सूज वाढली, दुखायला लागलं तर थेट कॅन्सरच्या डॉक्टरांकडं जा, कधीकधी त्यामागं आजार परत आलेला असू शकतो.

परवा आत्या स्लीव्ह घालून दोन किलो ज्वारी स्वतः गिरणीत घेऊन गेली. आल्यावर फोन, "ते बरणीभर तेल उरलंय गं, टाकवत नाही." कापूर घातलाय, त्यामुळं फोडणीलाही चालायचं नाही. म्हटलं, माळ्याच्या दाराच्या बिजागऱ्या करकरतात, त्यांना लाव.