तीळ, ऊन आणि तीन महिन्यांचा दावा

चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांसाठी म्हणून एक मेसेज बराच काळ फिरतो आहे. शब्द बदलतात, मजकूर तोच. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ आणि ठिसूळ होणं, हा आजार नाहीच, ती नुसती कॅल्शियमची कमतरता आहे. रोज चमचाभर तीळ, पालकाचा रस, पंधरा मिनिटं ऊन आणि तासभर चालणं, एवढं केलं की तीन महिन्यांत टी-स्कोअर (आपल्या हाडांची घनता निरोगी तरुण बाईच्या तुलनेत किती, हे सांगणारा आकडा) नॉर्मल. दूध बंद करा, त्याने हाडं पोखरली जातात. डॉक्टरांच्या गोळ्यांनी जबडा सडतो. आणि सांधे दुखत नसतील तर तपासणीच्या फंदात पडू नका.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. व्यायाम शिकवणं हेच माझं काम, त्यामुळे आहार-व्यायामाला कमी लेखण्याचं मला काहीच कारण नाही. हा मेसेज मला खटकतो तो त्यामुळेच. आहार आणि व्यायामाने हाडांसाठी जे खरोखर होऊ शकतं ते यात कुठेच नाही, आणि जे होऊ शकत नाही त्याची मात्र हमी दिली आहे. म्हणून एकेक दावा घेते.

“आजार नाही, कॅल्शियमची कमतरता आहे.” शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं, हे खरं. पण हाड जिवंत असतं. काही पेशी जुनं हाड कुरतडून काढतात, दुसऱ्या त्या खड्ड्यांत नवं हाड भरतात, आणि हे आयुष्यभर चालू राहतं. साधारण तिशीपर्यंत भरणाऱ्या पेशींची सरशी असते, पुढे हळूहळू चित्र पालटतं. कुरतडणाऱ्या पेशींना आवर घालण्याचं काम बायकांमध्ये इस्ट्रोजेन हे संप्रेरक करतं. पाळी जाताना ते घटलं की हा आवर सुटतो, आणि पुढच्या पाच-सात वर्षांत काही जणींचं २० टक्क्यांपर्यंत हाड कमी होतं. कच्चा माल पुरवला म्हणून कुरतडणं थांबत नाही. अमेरिकेत पाळी गेलेल्या ३६,००० हून अधिक बायकांवर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची चाचणी झाली. २००६ साली आलेला निष्कर्ष असा: खुब्याची घनता किंचित बरी राहिली, खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये ठामपणे सांगावी अशी घट दिसली नाही, आणि मुतखड्याचं प्रमाण १७ टक्क्यांनी वाढलं.

शिवाय हाडं झिजण्यामागे कधीकधी दुसरंच काहीतरी असतं. थायरॉइडचं संप्रेरक जास्त होणं, पॅराथायरॉइड ग्रंथीचा बिघाड, आतड्यांत अन्न नीट न शोषलं जाणं, संधिवाताचा ऱ्हुमॅटॉइड प्रकार, महिनोन्‌महिने घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, क्वचित अस्थिमज्जेचा कॅन्सरही. रक्ताच्या साध्या तपासण्यांत यातलं बरंचसं सापडतं. अशा बाईला “तीळ खा, बरं वाटेल” म्हणून सांगितलं की मूळ आजाराला आणखी वर्षभर मोकळं रान मिळतं.

आता त्या तिळाचा आणि पालकाचा हिशेब. १०० ग्रॅम सालासकट तिळात साडेनऊशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, हा आकडा मेसेजमध्ये मोठ्या अक्षरांत येतो. पण खायचा आहे चमचा. मोठा चमचा भरून घेतला तरी तिळातून जेमतेम ८०-९० मिलिग्रॅम मिळतं, आणि तेही कागदावर, कारण सालातलं ऑक्झलेट आणि बियांमधलं फायटेट ही कॅल्शियमला चिकटणारी द्रव्यं त्यातलं बरंच अडवून धरतात. पालकाची स्थिती याहून वाईट आहे. पालकातलं साधारण ५ टक्के कॅल्शियम अंगी लागतं, दुधातलं ३० टक्क्यांच्या आसपास. पालक वाईट नाही, भाजी म्हणून जरूर खावा. पण कॅल्शियमसाठी रोज त्याचा रस पिणं म्हणजे ऑक्झलेटचा मारा, आणि मुतखड्याचा त्रास असलेल्यांना तो महागात पडू शकतो. कोबी, ब्रोकोली यांसारख्या कमी ऑक्झलेटच्या भाज्यांतलं कॅल्शियम त्या मानाने चांगलं शोषलं जातं.

पन्नाशीनंतर बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, अशी अमेरिकेतली शिफारस आहे. पेलाभर दुधातून सुमारे ३०० मिळतं, तेवढ्याच दह्यातून जवळपास तितकंच. दूध चालत नसेल तर कॅल्शियम घालून केलेलं टोफू किंवा सोयाचं दूध, आणि मासे खाणाऱ्यांसाठी काट्यांसकट खाल्ले जाणारे छोटे मासे. आधी ताटातलं मोजावं, मग कमी पडेल तेवढीच गोळी घ्यावी, आणि एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, कारण त्यापुढे शोषणाचं प्रमाण घटत जातं.

या मेसेजमध्ये प्रथिनांचा उल्लेखसुद्धा नाही, याचं मला सर्वांत वाईट वाटतं. हाडाच्या आकारमानाचा जवळपास निम्मा भाग प्रथिनांचा असतो, आणि पडताना तोल सावरणारा स्नायूही त्यांचाच. या वयात वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत (मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून). ६० किलोच्या बाईला म्हणजे ६० ते ७२ ग्रॅम. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी याच्या अर्ध्यावर असतात, आणि त्यातच वजन उतरवायचं म्हणून एक जेवण बंद केलेलं असतं. भराभर वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायू आणि हाडही जातं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

“दूध आम्ल तयार करतं, ते मारायला शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं.” रक्ताची आम्लता फुप्फुसं आणि मूत्रपिंडं ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राखतात, पेलाभर दुधाने ती हलत नाही. प्रथिनं वाढवली की लघवीतून थोडं जास्त कॅल्शियम जातं, त्यावरून हा तर्क निघाला. पण त्यातलं बरंचसं आतड्यातून जास्त शोषल्यामुळे आलेलं असतं. यावर आणखी वेळ घालवत नाही.

उन्हाबद्दल दोन गोष्टी. पंधरा मिनिटं हा आकडा सगळ्यांना लागू होत नाही. त्वचेचा रंग, अंगावरचे कपडे, ऋतू, दिवसाची वेळ, वय या सगळ्यांवर ते अवलंबून आहे, आणि काचेआडून घेतलेल्या उन्हाने ड जीवनसत्त्व जवळपास तयारच होत नाही. दुसरं, उन्हाचं जमत नाही म्हणून मोठ्या डोसच्या कॅप्सूल मनानेच महिनोन्‌महिने घेणाऱ्या बायका मी पाहते. ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिटचा डोस दिला गेला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निकालात त्या गटात पडण्याचं आणि फ्रॅक्चरचं प्रमाण कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं. कमतरता असेल तर ती भरून काढायलाच हवी, पण रक्तातली पातळी बघून.

आता माझा विषय. “तासभर चाला, हाडं मजबूत होतील.” चालणं हृदयाला, साखरेला, मनाला चांगलं आहे आणि मी कोणालाही ते बंद करायला सांगणार नाही. पण हाडाला सवयीचा भार कळतच नाही. ज्या भाराची त्याला सवय नाही, जो जोराने आणि थोड्या वेळासाठी येतो, त्यालाच ते प्रतिसाद देतं. रोज त्याच वेगाने, त्याच सपाट रस्त्यावर केलेल्या फेरीने मणक्याची घनता सहसा वाढत नाही. पोहणं आणि सायकल यांत तर हाडावर वजनच फारसं येत नाही.

काय चालतं ते ऑस्ट्रेलियातल्याच एका चाचणीने चांगलं दाखवलं. पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या १०१ बायका. त्यातल्या निम्म्यांना आठवड्यातून दोनदा, दर वेळी अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड वजनं उचलायला लावली: जमिनीवरून बार उचलणं, खांद्यावर बार घेऊन बैठक, डोक्यावर वजन ढकलणं, आणि उडी मारून दोन्ही पायांवर जोरात उतरणं. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाची १.२ टक्क्यांनी घटली. दुखापत म्हणाल तर एकीच्या कमरेत किरकोळ लचक भरली, तेवढीच. मात्र या बायकांनी पहिला महिना हलक्या वजनांवर हालचाल शिकण्यातच घालवला होता. हे वाचून उद्या कोणी एकटीने जड वजनाला हात घालू नये.

सुरुवात कुठून करायची? मी पहिल्या दिवशी एक साधी काठी देते. ती पाठीला उभी लावायची: डोक्याची मागची बाजू, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली. आता गुडघे किंचित सैल सोडून ढुंगण मागे न्यायचं आणि धड पुढे झुकवायचं, काठी तिन्हींपैकी कुठूनही सुटता कामा नये. जवळजवळ प्रत्येकीची काठी माकडहाडापासून सुटते, कारण वाकायचं म्हटलं की आपण कमरेतून गोल होतो. खुब्यातून वाकणं अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात. ते जमलं की हातात वजन देते, आधी नाही.

ही काठी उगाच नाही. गोल पाठीने वाकण्याचा धोका १९८४ सालच्या एका लहानशा अभ्यासात स्पष्ट दिसला होता. मणक्यांचा ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ५९ बायकांपैकी ज्यांना पाठ मागे ताणण्याचे व्यायाम दिले त्यांच्यात १६ टक्के जणींना मणक्याची नवी इजा झाली. ज्यांना पुढे वाकण्याचे, पोटाचे व्यायाम दिले त्यांच्यात ८९ टक्के जणींना. अभ्यास छोटा आहे, आकड्यांना चिकटून बसू नये. पण “नैसर्गिक” म्हणून फिरणाऱ्या व्हिडिओंत पाय पसरून बसून कपाळ गुडघ्याला लावायला सांगतात तेव्हा मला धडकी भरते. घनता चांगली असलेल्या तिशीतल्या मुलीला ते ठीक आहे. मणके आधीच कमकुवत झालेल्या बाईने तेच केलं तर मणक्याची पुढची बाजू चेपली जाऊ शकते. तोल सांभाळण्याच्या व्यायामाचंही तेच, मेसेजमध्ये त्याला जागा नाही. खुब्याची बहुतेक फ्रॅक्चर पडल्यामुळे होतात, आणि तोल व ताकदीच्या व्यायामाने वयस्कांमध्ये पडण्याचं प्रमाण जवळपास एक चतुर्थांशाने कमी होतं. एका पायावर उभं राहण्याचा सराव ओट्याला हात लावूनही करता येतो.

“तीन महिन्यांत टी-स्कोअर नॉर्मल.” या दाव्यासोबत कोणाचे तरी दोन रिपोर्ट जोडलेले असतात, पहिल्यात उणे २.७, दुसऱ्यात उणे २.५. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषाप्रमाणे उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे दुसऱ्या रिपोर्टनंतरही बाई त्याच गटात आहे. ते सोडून द्या. डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणाऱ्या मशिनवर त्याच बाईची त्याच दिवशी दोनदा तपासणी केली तरी आकडा थोडा हलतो. फरक साधारण ३ ते ५ टक्क्यांच्या वर गेला तरच तो खरा धरतात, आणि टी-स्कोअरमधला ०.२ चा फरक त्याच्या आतबाहेरच असतो. मशीन बदललं की तुलनाच संपली. टाचेच्या अल्ट्रासाउंडचा आकडा डेक्साच्या आकड्याशी ताडून बघणं तर साफ चूक. आणि एका जागचं जुनं हाड काढून नवं भरायलाच तीन-चार महिने लागतात, त्यात खनिजं पूर्ण भरायला आणखी कितीतरी. म्हणूनच डेक्सा सहसा वर्ष-दोन वर्षांनी करतात.

काही वेळा आकडा खरोखर वाढतो, पण हाड वाढलेलं नसतं. कमरेच्या मणक्यांना झिजेमुळे टोकं फुटली की मशीन तीही हाड म्हणून मोजतं. “नैसर्गिक खनिज” म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पूरकांत स्ट्रॉन्शियम हा धातू असतो. तो कॅल्शियमपेक्षा जड असल्यामुळे क्ष-किरण जास्त अडवतो, आणि रिपोर्ट प्रत्यक्षापेक्षा छान दिसतो.

गोळ्यांनी जबडा सडतो, या भीतीमागे खरी गोष्ट आहे. जबड्याचं हाड उघडं पडून बरं न होण्याचा त्रास हाडांची झीज रोखणाऱ्या औषधांनी होऊ शकतो. पण त्यातल्या बहुतेक घटना कॅन्सरसाठी कितीतरी मोठे डोस घेणाऱ्या रुग्णांत आढळल्या. ऑस्टिओपोरोसिसच्या डोसला तो अतिशय दुर्मीळ आहे. औषध सुरू करण्याआधी दात काढायचे असतील ते काढून घ्यावेत, म्हणजे धोका आणखी कमी होतो. बरीच वर्षं औषध घेतल्यावर मांडीच्या हाडाला वेगळ्या प्रकारचं फ्रॅक्चर होऊ शकतं, तेही दुर्मीळ. त्यासाठीच साधारण पाच वर्षांनी डॉक्टर गोळी थांबवता येईल का, याचा विचार करतात. दुसऱ्या पारड्यात काय आहे? मणक्याचं फ्रॅक्चर आधी झालेल्या बायकांमध्ये अ‍ॅलेन्ड्रोनेट या अशाच गोळीने खुब्याची फ्रॅक्चर जवळपास निम्म्याने कमी केली, हे १९९६ साली मोठ्या चाचणीत दिसलं. कोणत्याही आहाराने किंवा व्यायामाने, माझ्याही, हे इतक्या ठोसपणे दाखवलेलं नाही. टी-स्कोअर उणे दीडच्या आसपास, फ्रॅक्चर नाही, इतर धोके नाहीत, अशा पन्नाशीतल्या बाईला बहुधा औषध लागणार नाही; तिने आहार आणि वजनांचा व्यायाम मनापासून करावा. पण साध्या पडण्याने मनगट किंवा मणका मोडलेला असेल तर व्यायाम औषधासोबत, औषधाऐवजी नाही. आणि डेनोसुमॅब या हाडांची झीज रोखणाऱ्या औषधाचं इंजेक्शन चालू असलेल्या कोणी असा मेसेज वाचून ते परस्पर बंद करू नये. ते थांबवल्यावर पुढचं औषध दिलं नाही तर हाड झपाट्याने झिजतं आणि एकाच वेळी अनेक मणके मोडू शकतात.

राहिला शेवटचा दावा, सांधे दुखत नसतील तर तपासणी नको. सांधे दुखतात ते त्यांच्या झिजेमुळे किंवा सुजेमुळे. ऑस्टिओपोरोसिस हाड मोडेपर्यंत दुखत नाही, आणि मणक्याची निम्म्याहून अधिक फ्रॅक्चर झाल्याचं त्या बाईला कळतही नाही. तेव्हा दुखण्याची वाट न पाहता उंची मोजा. अनवाणी, टाचा भिंतीला लावून, डोक्यावर सपाट पुस्तक ठेवून. तरुणपणीच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर किंवा जास्त कमी झाली असेल तर मणक्यांचा एक्स-रे मागून घ्या. पासष्टीनंतर डेक्सा प्रत्येकीने करावी. चाळिशीतच किंवा त्याआधी पाळी गेलेली, अंडाशय काढलेली, आई किंवा वडिलांचा खुबा मोडलेला, तीन महिन्यांहून जास्त स्टेरॉइड घेतलेली, सिगारेट ओढणारी किंवा अंगाने फार बारीक असलेली बाई असेल तर तिने पासष्टीपर्यंत न थांबता आत्ताच डॉक्टरांना विचारावं.