नास्तिकाला नीती शिकवायची आहे? मग हे करा

समोरचा देव मानत नाही असं कळलं की लगेच खुर्ची पुढे ओढा आणि विचारा, "देव नाही, मग चांगलं-वाईट ठरवलं कुणी?" तो बोलायला लागला की चहा मागवा.

जर्मन तत्त्वज्ञ कांटचं नाव जरूर घ्या. नीतीसाठी देव गृहीत धरावा लागतो, असं त्याने १७८८ मध्ये लिहिलंच आहे. कर्तव्य मात्र माणसाच्या बुद्धीतूनच येतं असंही तो म्हणाला, तेवढं गाळा.

सॉक्रेटिस टाळा. देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं, असं विचारून त्याने युथिफ्रो नावाच्या धर्मपंडिताची पंचाईत केली होती. तुमचीही होईल.

आगरकरांचा विषय निघाला तर "ते पुण्याचे" म्हणून मोकळे व्हा. कऱ्हाडजवळच्या टेंभूचा हा माणूस देवाची भीती न घालता नीती सांगत राहिला, हे आपल्या साताऱ्यात कशाला उकरायचं?

दाभोलकरांचं नावच नको.

आता मुख्य युक्ती. हा वाद भाडेकरूशी, आणि डिपॉझिट परत करायच्या दिवशीच काढा. शाहूपुरीतल्या आमच्या मालकांनी तसंच केलं. रंगकामाचे म्हणून निम्मे पैसे कापले. भिंतींचे पोपडे मी राहायला येण्याआधीपासूनचे! पावती मागितली, तर काका म्हणतात, "मला हिशोब वरच्याला द्यायचाय, तुला नाही." वर आणखी, "तुम्ही देवबिव मानत नाही, तुमचा काय भरवसा!" माझा भरवसा? पाच तारखेच्या आत भाडं पोचतं करणाऱ्याचा? गळका नळ स्वतःच्या खिशातून बदलणाऱ्याचा? आणि पैसे दाबून बसलेला माणूस मला नीतीचा उगम समजावणार!

अहो, प्रश्न खोटा नाही. दुबळ्याला लुबाडणं चूकच, मग कुणाला काहीही वाटो, हे मलाही मान्य. त्या चुकीला आधार कशाचा, यावर भांडा की खुशाल. फुल्यांनीही निर्मिक, म्हणजे जग घडवणारा, मानला, पण त्याच्या नावाने सगळ्यांना सारखे हक्क मागितले. तुम्ही काय मागता? स्वतःसाठी चारित्र्याचा दाखला! नीती देवाकडून आली असं सिद्ध झालं, तरी ती तुमच्या घरी मुक्कामाला आली हे कुठून सिद्ध झालं? सज्जनगडाच्या पायऱ्या चढता, आणि खाली आल्यावर पोरासोरांचं डिपॉझिट खाता? देवाला साक्षीदार म्हणता ना, मग त्याच्यासमोर तरी लाजा जरा. पावती दाखवा, नाहीतर पैसे टाका.