केशनलिकेतून अखंड कारंजे उडत नाही

सध्या सर्वत्र फिरणाऱ्या एका संदेशात असा दावा केला आहे की, अवकाशस्थानकात गुरुत्वाकर्षण शून्य असल्याने पाण्यात बुडवलेल्या बारीक नळीत (केशनलिकेत) पाणी अनंत उंचीपर्यंत चढते, वरच्या टोकातून अखंड वाहते आणि त्यातून फुकट ऊर्जा मिळते. गुरुत्वाकर्षण जितके कमी तितके पाणी नळीत उंच चढते, या ज्या सूत्रावर हे सारे रचले आहे ते अचूक आहे, पण त्यातून काढलेले निष्कर्ष चुकीचे आहेत.

अवकाशस्थानक जिथे फिरते त्या सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण भूपृष्ठावरच्या जवळपास ९० टक्के असते. स्थानक, नळी आणि पाणी एकत्रच मुक्तपतनात असल्यामुळे पाण्याचा भार जाणवत नाही, एवढेच.

आता ‘अनंत’ उंचीविषयी. १ मिलिमीटर व्यासाच्या स्वच्छ काचनळीत पाणी पृथ्वीवर सुमारे ३ सेंटिमीटर चढते आणि चंद्रावर ते साधारण १८ सेंटिमीटर चढेल. हे आकडे पृष्ठताणाची ओढ आणि पाण्याच्या स्तंभाचे वजन यांच्या समतोलातून येतात. जिथे वजनच नाही तिथे शून्याने भागून काढलेल्या उंचीला अर्थ राहत नाही. पाणी नळीच्या टोकापर्यंत जाते, तेही मंदावत, कारण लांब नळीत दुप्पट अंतराला साधारण चौपट वेळ लागतो.

सर्वात दिशाभूल करणारा भाग अखंड वाहण्याचा आहे आणि तो टेबलावरच तपासता येतो. तीच नळी पाण्यावर फक्त २ सेंटिमीटर राहील अशी धरा. पाणी काठापर्यंत येते, त्याचा खोलगट पृष्ठभाग थोडा उथळ होतो आणि तिथेच थांबतो. एक थेंबही ओघळत नाही, कारण पाण्याला ओढायला पुढे काचच उरलेली नसते. भारहीन अवस्थेत हा पृष्ठभाग जवळजवळ सपाट होऊन स्थिरावतो. नळीचे टोक निमुळते असेल, तर वेगात आलेल्या पाण्यातून जडत्वामुळे काही थेंब सुटू शकतात, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ती ऊर्जा कोरडी काच भिजताना मोकळी झालेली असते आणि काच एकदा भिजली की ती संपते.

अंतराळवीर डॉन पेटिट यांनी २००८ साली अवकाशस्थानकात पारदर्शक प्लास्टिकचा पातळ ताव दुमडून, एका बाजूला अरुंद कोपरा असलेला पेला तयार केला. त्यातली कॉफी त्या कोपऱ्यातून आपोआप काठापर्यंत चढत असे आणि ओठ लावेपर्यंत तिथेच थांबत असे.