तिच्या अंगावरचा शर्ट

काही वर्षांपूर्वीची दिवाळी तोंडावर होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन पहिली वेचणी सुरू झाली होती. तेव्हा मी एका संस्थेत अहवाल लिहायची. कव्हरसाठी फोटो हवा म्हणून आम्ही वावरात गेलो. साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा आणि कमरेला ओटी, अशा बाया वेचत होत्या. फोटोग्राफर म्हणाला, "शर्ट काढायला सांगा, साडी दिसू द्या."

आणि मी त्यातल्या एकीला सांगितलं.

"म्याडम, शर्ट काढून कोनी कापूस येचते का वो? हात सोलून निघते," ती म्हणाली. तरी काढला तिनं. तिच्या गटाच्या कर्जाची फाईल आमच्याच ऑफिसात होती, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. वाळलेल्या बोंडाची टोकं किती टोचतात हे ज्यानं वेचलंय त्यालाच कळतं. पाच मिनिटांत तिच्या मनगटावर ओरखडे उठले. फोटो सुंदर आला. खाली ओळ छापली: 'लाभार्थी महिला'.

त्या बाईनं तीन एकर वावर ठोक्यानं, म्हणजे ठरलेल्या पैशावर भाड्यानं, केलं होतं. बियाणं तिनं ठरवलं, सरकी तिनं टोबली म्हणजे हातानं एकेक बी लावलं, निंदणाच्या बाया तिनं लावल्या. आमच्या अहवालात त्या सगळ्याचं एक वाक्य झालं: महिला घर सांभाळून शेतीत हातभार लावतात. 'हातभार' हा शब्द मी तेव्हापासून लिहीत नाही. टोबणी, निंदण, वेचणी ज्यांच्या हातांनी होते त्यांच्याबद्दल लिहिताना तो शब्द खोटाच ठरतो.

आज हे लिहायचं कारण म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केलंय. बॅनर, पुस्तिका, यशोगाथा छापल्या जातील. मला काळजी वाटते ती त्यातल्या बाईची. एका कापसाच्या प्रकल्पाच्या पुस्तिकेवर मी धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाया पाहिल्यात. भंडारा-गोंदियाची रोवणी आणि यवतमाळची वेचणी यांतला फरक इथलं शाळेतलं पोरगंही सांगेल. ज्या बायांचं काम सांगायचं, त्यांचं पीक कोणतं हे तरी छापणाऱ्यानं बघावं ना?

फवारणीच्या पोस्टरांचंही तेच. 2017 च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 च्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर गावोगाव माहितीची पोस्टरं लागली. मी जी पाहिली त्यांत पंप पाठीवर घेतलेला, हातमोजे घातलेला माणूसच होता. पण पंपासाठी पाणी आणून देते ती बाई. फवारणीचे कपडे धुते ती बाई. दुसऱ्या दिवशी त्याच वावरात निंदायला जाते तीही तीच. तिचं चित्र नव्हतं, म्हणून तिच्यासाठी सूचनाही नव्हती. चित्रातून बाई गळाली की तिच्या जिवाची काळजीही गळते, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आणि नवरा गेलेल्या बाया. त्यांना हार घातलेल्या फ्रेमखाली बसवून फोटो काढतात. त्यातल्या एकीनं त्यानंतर दोन हंगाम काढले, सावकाराचं फेडलं, पोरीला वसतिगृहात ठेवलं. पण फोटो दरवेळी त्या फ्रेमखालचाच. रडू आलं तर बरं, असं न बोलता सुचवलं जातं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि मला ते सहन होत नाही.

सातबारावर बहुतेकींचं नाव नाही. 2015-16 च्या कृषिगणनेत देशभरातल्या वहिवाटदारांमध्ये बायकांचं प्रमाण 14 टक्क्यांच्या आसपास होतं. तलाठ्याच्या कागदावर ती शेतकरी ठरायला वेळ लागेल. पण आपला अहवाल तर आपणच लिहितो. तिथं 'लाभार्थी' खोडून 'शेतकरी' लिहायला कोणाची परवानगी लागते?

आता मी दुसरीकडे काम करते. छापायच्या आधी मजकूर बाईसमोर वाचून दाखवते, मराठीत, आणि तिच्या पोरांसमोर नको म्हणाली तर वेगळं बसून. नाव कसं लिहायचं हे तिला विचारते. काही जणी नवऱ्याचं नाव लावा म्हणतात, काही माहेरचं, एकीनं फक्त स्वतःचं सांगितलं. इंग्रजी संमतीपत्रावर अंगठा घेणं मी बंद केलंय. वेळ जातो, साहेब लोक कुरकुरतात. जाऊ दे वेळ.

मागच्या हंगामात त्याच बाईकडे पुन्हा गेले. पहिल्या फोटोबद्दल माफी मागितली. ती काही बोलली नाही, चहा ठेवला. मग दिवसभर काढलेले फोटो मोबाईलवर तिला दाखवले. तिनं संध्याकाळचा निवडला. धुऱ्यावर काटा लटकवलाय, बायांचा कापूस मोजला जातोय आणि ती वहीत किलो लिहून घेतेय. अंगात शर्ट, केसांत कापसाचा पुंजका अडकलेला.

तिनं बोटांनी फोटो मोठा केला, काट्यावर नेला.

"हा लावा," म्हणाली. "पन आकडा दिसला पाह्यजे."