बूडिकाचा झगा आणि आपली नऊवारी

लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलाच्या टोकाला, बिग बेनसमोर, बूडिका राणी रथात उभी आहे. प्राचीन ब्रिटनमधल्या आइसेनी टोळीची ही राणी इसवी सन 60-61 मध्ये रोमनांवर उलटली आणि तिने कोल्चेस्टर, लंडन, सेंट अल्बन्सची तेव्हाची गावं जाळली. म्हणजे लंडन जाळणारीच पार्लमेंटच्या दारात! त्यात चौथऱ्यावर विल्यम कूपरच्या कवितेतल्या ओळी: सीझरला ठाऊकही नव्हते अशा मुलखांवर तुझे वंशज राज्य करतील. साम्राज्याविरुद्ध लढलेल्या बाईला साम्राज्याची कुलस्वामिनी करून टाकलं.

शिल्पकार थॉमस थॉर्निक्रॉफ्टने हे काम 1856 मध्ये हाती घेतलं, पुतळा उभा राहिला 1902 मध्ये. रथाच्या चाकांना पाती आहेत, त्यांना पुरावा नाही. अंगावर ग्रीक देवीला शोभावा असा पातळ झगा. कॅशियस डिओ या रोमन इतिहासकाराने केलेलं वर्णन निराळंच आहे: कमरेखाली पोचणारे पिंगट केस, गळ्यात सोन्याचा जाडजूड अलंकार, रंगीबेरंगी अंगरखा आणि त्यावर ब्रोचने अडकवलेलं जाड पांघरूण. तसला अलंकार कसा असेल ते ब्रिटिश म्युझियममध्ये बघता येतं. 1950 मध्ये नॉरफकमधल्या स्नेटिशॅमच्या शेतात नांगराला लागलेली ती हसळी पिळलेल्या तारांची, सोन्यात चांदी मिसळलेली, वजन किलोच्या वर. ती बूडिकाच्या आधीची, पण मुलूख तिचाच. अर्थात डिओनेही लिहिलं ते शंभरावर वर्षांनी, आणि रानटी बाई कशी दिसावी हे रोमनांचं आधीच ठरलेलं होतं.

इकडे यावर कुणी टायर जाळत नाही. 2015 मध्ये ‘पिंगा’ गाण्यात काशीबाई मस्तानीबरोबर नाचल्या तेव्हा त्या नाचावरून आणि नऊवारीवरून आपल्याकडे जे रान उठलं, ते इथल्या सहकाऱ्यांना सांगितलं की ते हसतात. मला त्यात इंग्रजांचा मोठेपणा दिसत नाही. बूडिकाचे वारस म्हणून आज कुणी पुढे येत नाही, तिच्या नावावर मतं मागता येत नाहीत; मग भांडायचं कुणी? आपल्याकडे पेशव्यांचे वंशज हयात आहेत, बखरी आहेत, दफ्तरं आहेत. माझी तक्रार एवढीच की इतकं सगळं हाताशी असून आपण भांडतो ‘शोभतं का’ यावर. त्या काळी लुगडं कसं नेसत, कापड कुठून येई, हे विचारायला कुणाला सवड नसते.

मात्र एका बाबतीत आपली माणसं बरी. बूडिकाला फटके मारले आणि तिच्या मुलींवर बलात्कार केले, असं टॅसिटस या रोमन इतिहासकाराने लिहून ठेवलंय. शिल्पकाराने त्याच मुली आईच्या दोन्ही बाजूंना उघड्या छातीने बसवल्यात. पुण्यात असा पुतळा दुपारपर्यंत टिकला नसता. इथे पर्यटक त्याच्यासमोर सेल्फी काढतात, आणि शंभराहून जास्त वर्षांत हा पुतळा हलवा म्हणून कुणी रस्त्यावर उतरल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.